नाशिकच्या झाडीत डिस्क गोल्फ कुठे खेळावे?

प्रश्न : चकती फेकत फेकत कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत पोहोचवण्याचा हा खेळ मला झाडांमधून खेळायचा आहे, त्र्यंबकेश्वर रस्त्याच्या बाजूला कृपया जागा सुचवावी.

उत्तर १ : अंजनेरी आणि बोरगड हे डोंगर मात्र वगळावेत, कारण दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रे असून अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याची आमराई, त्यांची परवानगी घेऊन आणि मोहोराचे दिवस टाळून, केव्हाही उत्तम. टोपली उचलून नेता येणारी असावी, म्हणजे झाडांना खिळे ठोकावे लागत नाहीत.

उत्तर २ : सहमत आहे. दाट झाडीत ड्रायव्हर या लांब फेकीच्या वेगवान चकतीपेक्षा पटर ही संथ, सरळ जाणारी चकती बरी. पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात हिरवी चकती सापडत नाही, म्हणून केशरी घ्यावी. आणि साप असू शकतात, तेव्हा हात घालण्याआधी काठीने गवत हलवावे.