परीकथेतली धीट पोरं: तुमच्या घरचे, शाळेतले अनुभव सांगा

पळसपान, धरमपेठ, नागपूर

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. चार ते आठ वर्षांची मुलं असतात. सगळ्यात जास्त मागणी परीकथेच्या वळणाच्या, धाडसाच्या चित्रपुस्तकांना. राजवाडा, जंगल, चेटकीण, राक्षस आणि त्या सगळ्यांसमोर उभी असलेली एखादी इवलीशी पोर. पालकांकडून मात्र हमखास सूचना येते, भीतीचं पान गाळा, मुलं रात्री झोपत नाहीत. मला ते पटत नाही. राक्षसच गाळला तर त्या पोरीने केलं काय? तिची भीती मुलांना दिसली नाही तर तिचं धाडस तरी कुठून दिसणार?

म्हणून हा धागा. अशी पुस्तकं वाचताना मुलांनी काय केलं, काय विचारलं, ते लिहा. पुस्तकाचं नाव नको, पान सांगा. मुलांची नावंही टाकू नका.

मनीषनगरचा बाबा

लेक साडेचार वर्षांची. आमच्याकडच्या पुस्तकात आजारी राजासाठी डोंगरापलीकडचं पाणी आणायला निघालेली मेंढपाळाची पोर आहे. मधलं जोडपान अख्खं राक्षसाचं, डोकं तर पानाबाहेर गेलेलं. खाली उजव्या कोपऱ्यात ही पोर, तांदळाच्या दाण्याएवढी. घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, गुडघे किंचित आत वळलेले.

पहिल्यांदा ते पान आलं तेव्हा लेकीने पुस्तक फटकन मिटलं. मी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी तीच घेऊन आली, त्या पानाशी पोचल्यावर राक्षसाच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "आता वाच." मग बरेच दिवस तसंच चाललं. तळहाताची दोन बोटं झाली, मग एक. आता राक्षसाचे डोळे उघडेच असतात आणि ती मला सांगते, "बाबा, तिचे पाय बघ ना. तिला भीती वाटतेय, पण ती पळाली नाही." ते गुडघे मी तिला दाखवले नव्हते. खरं सांगायचं तर तोवर माझं लक्ष फक्त राक्षसाकडेच होतं.

महालची आजी

आमच्या लहानपणी चित्रांची पुस्तकं कुठली बाप्पा! आजी सांगे तीच गोष्ट. टोपीवाल्या उंदराची तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल. चिंधी सापडते, धोबी धुऊन देतो, शिंपी टोपी शिवून देतो, मग उंदीरमामा ढोलकं बडवत थेट राजाच्या वाड्यासमोर. राजा टोपी हिसकावतो तर हा त्याला भरदरबारात भिकारी म्हणतो, आणि परत देतो तर भित्रा म्हणतो. एवढ्याशा जिवाची काय ती छाती!

मी नातवाला ही गोष्ट सांगत होती, तर तो म्हणाला, याचं पुस्तक करू. जुन्या कॅलेंडरची पानं कोऱ्या बाजूने दुमडून मधे टाके घातले. चित्रं त्याची, अक्षर माझं. राजाच्या पानावर त्याने नुसत्या दोन मोजड्या काढल्या, भल्यामोठ्या, आणि पार वर टोकाला मिशीचं एक टोक. मी म्हटलं, "अरे, राजाचं तोंड कुठं हाय?" तर म्हणे, "आजी, उंदराला तेवढंच दिसते."

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, पिवळी मारबत या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा हा बापाच्या खांद्यावर डोळे घट्ट मिटून बसतो. त्या केवढ्या उंच, वरून गर्दीचा गलका, "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी. आम्ही त्याला भित्रा म्हणत नाही. घरी आला की वहीत मारबत काढतो, आणि शेजारी स्वतःला, तिच्या कमरेएवढा.

मोहफूल, रामटेक तालुका

मी देवलापारकडच्या एका शाळेत शिकवतो. पेंचचं जंगल आमच्या पोरांना रोजचं. म्हणून शहरात लिहिलेली जंगलाची परीकथा इथे वाचायला घेतली की वर्ग निराळाच रंगतो.

पुस्तकातली राजकन्या संध्याकाळी एकटी जंगलात शिरते. पहिला प्रश्न, "सर, ते एकटी काहून गेली?" दुसरा, "हाती काठी बी नाही?" मग वर्गाने तिला सगळं शिकवलं. चार जण मिळून जायचं, मोठ्याने बोलत चालायचं, झुडपाजवळ वाकून बसायचं नाही. हे त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचलेलं नाही. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला घरची माणसं जंगलात जातात, आणि खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे इथे लहान लेकरालाही माहीत असतं.

मला वाटलं, आता राजकन्येला हे वेडी ठरवणार. तेवढ्यात मागच्या ओळीतली तिसरीची एक मुलगी म्हणाली, "माही माय बी जाते. भेव लागते तिले, पण जाच लागते ना." वर्गाला ते पटलं. राजकन्येला जाणं भागच होतं, तिच्या भावाला पोपट करून ठेवलेलं होतं. मग त्यांनी फळ्यावर तिच्यासोबत तीन मैत्रिणी काढल्या, प्रत्येकीच्या हातात काठी, आणि गोष्ट पुढे वाचायला सांगितली.

शहरातल्या लेखकांना आणि चित्रकारांना एक विनंती आहे. जंगल काढताना साग, मोह, तेंदू, पळस काढा. आमची पोरं झाड ओळखतात, आणि ओळखीच्या झाडामागे लपलेली चेटकीण त्यांना जास्त खरी वाटते.

छापखान्यातला

माझं आयुष्य छपाईत गेलं, त्यामुळे थोडी कामाची माहिती देतो. पुस्तक 8 किंवा 16 पानांच्या फर्म्यात, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यात छापतात, म्हणून चित्रपुस्तकं बहुधा 24 नाहीतर 32 पानांची असतात. चांगला चित्रकार त्याचा हिशेब ठेवतो. उजव्या पानावर बंद दार, पान उलटलं की आत काय ते. ते पान तुम्ही उलटू नका, मुलाच्या हातात द्या. आणि मोबाइलवर वाचत असाल तर फोन आडवा धरा. उभ्या फोनवर जोडपानाचे दोन तुकडे होतात, राक्षस एकीकडे आणि पोर दुसरीकडे, मग समोरासमोर उभं राहण्यातली गंमतच जाते.

सदाफुली

मुलगा सहा वर्षांचा असताना त्याचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. त्या आठवड्यात त्याला एकच पुस्तक हवं असायचं. गावाचा विझलेला दिवा पेटवायला एक मुलगा डोंगरातल्या भुयारात जातो. आई भुयाराच्या तोंडाशी थांबते, कारण भुयार इतकं अरुंद की मोठं माणूस मावत नाही. ऑपरेशनच्या सकाळी त्याने विचारलं, "तू आत येशील?" मी खरं ते सांगितलं, दारापर्यंत. तो म्हणाला, "मग पुस्तक पण दारापर्यंतच वाच. बाकीचं मी बाहेर आल्यावर." शुद्धीवर आल्यानंतर घसा इतका दुखत होता की बोलवेना. त्याने बोटाने पिशवीकडे खूण केली. राहिलेली पानं तिथेच वाचली.

पळसपान

आजी, मोजड्यांच्या पानाचा फोटो टाकाल का? पुढच्या रविवारी मुलांना दाखवते. आणि ज्यांना पुस्तकं महाग पडतात त्यांच्यासाठी सांगते, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टचीही स्वस्त असतात.

जरीपटक्यातून

माझं थोडं वेगळं मत. राक्षसाचं मुंडकं उडवलं की गोष्ट संपते, अशी पुस्तकं आमच्याकडे चालत नाहीत. मुलाने एकदा विचारलं, "याची आई कुठे आहे?" त्यावर मला काही सांगता आलं नाही आणि पुस्तकातही उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी तोंडाने लढणारी माणसं असलेल्या गोष्टी शोधतो.

सध्या त्याची आवडती गोष्ट अशी. विहिरीचं पाणी वाड्यातली माणसं चोरतात, हे एक कुंभाराची मुलगी दरबारात सांगते आणि सगळा दरबार हसतो. त्या पानावर शंभर तोंडं काढलीयेत, सगळी वासलेली. पुढच्या पानावर ती तेच वाक्य पुन्हा म्हणते, अक्षरं जरा मोठी. त्याच्या पुढच्या पानावर आणखी मोठी. आमच्या घरी दरबार आम्ही. मी, त्याची आई, आबा, सगळ्यांनी खदाखदा हसायचं. आम्ही हळू हसलो तर तो थांबवतो, "नीट हसा ना, असं नाही." मग पलंगावर उभा राहतो आणि आमच्या हसण्याच्या वर आवाज चढवून म्हणतो, "पाणी वाड्यात आहे!"