थ्रॅश मेटल: मेटालिका कळतं, बाकीचे बँड वेगळे कसे ओळखायचे?

मध्यलय:
नमस्कार मंडळी. माझं शिक्षण तबल्याचं. थ्रॅश मेटल (रॉकमधला अतिवेगवान, आक्रमक प्रकार) कानावर पडलं ते भाच्यामुळे. त्याने मेटालिकाचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लावलं, मी शेवटपर्यंत ऐकलं आणि मनापासून आवडलं. मग त्याच्या यादीतले स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स, क्रिएटर ओळीने ऐकायला घेतले आणि अर्ध्या तासात सगळं एकच वाटायला लागलं. सगळे अतिद्रुत, सगळे चिडलेले. भाचा मात्र चार ठोक्यांत बँड ओळखतो. तुम्ही नेमकं काय ऐकता?

उजवा_हात:
तबला येतो म्हणजे तुमचे कान आधीच तयार आहेत. वेगाकडे लक्षच देऊ नका, तो सगळ्यांकडे आहे. गिटारवाल्याचा उजवा हात ऐका आणि त्याच्या खालचा ठेका. गायक, सोलो (एकट्या गिटारचं वादन) हे सगळं नंतर.

तुमच्या आवडत्या गाण्यापासूनच सुरू करू. मेटालिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड ती मुख्य रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, फक्त खालच्या दिशेच्या आघातांनी वाजवतो. वर-खाली वाजवलं तर तोच वेग निम्म्या कष्टात मिळतो, पण मग प्रत्येक आघाताचं वजन सारखं राहत नाही. तळहाताची कड तारांवर टेकलेली असते, म्हणून नाद उमटतो तिथेच दबतो. मी डोंबिवलीत मुलांना गिटार शिकवतो. ही रिफ पूर्ण वेगात वाजवताना चांगल्या तयारीच्या मुलाचंही मनगट भरून येतं. आता तुमच्यासाठी खास: कडव्याखाली हाताने ताल धरा. दर चौथ्या आवर्तनात मात्रा पुऱ्या होत नाहीत, सम आधीच येऊन आदळते. ऐकताना तोल जातो तो त्यामुळे.

स्लेयरकडे ही शिस्त नाही, तिथे धार आहे. ‘रेन इन ब्लड’ (1986) हा दहा गाण्यांचा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. निर्माता रिक रुबिन हिप-हॉपमधून आलेला. त्याने त्या काळच्या मेटलमध्ये सर्रास असणारा घुमारा काढून टाकला, त्यामुळे ड्रम अगदी कानाशी वाजल्यासारखे कोरडे येतात. ड्रमर डेव्ह लोंबार्डोसाठी ऐका. ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये शेवटाकडे सगळे थांबतात आणि तो एकटा दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो. तुम्ही ते एकदा ऐकलंत की स्लेयर पुन्हा कधी चुकणार नाही.

मेगाडेथ म्हणजे डेव्ह मस्टेन. 1983 मध्ये मेटालिकातून काढल्यावर त्याने हा बँड उभा केला. त्याच्या रिफ वळणावळणाच्या, बोटं तारांवरून सतत जागा बदलत राहणारी. सुरुवातीचे गिटारवादक ख्रिस पोलंड आणि ड्रमर गार सॅम्युएलसन दोघंही जॅझ-फ्युजनच्या वळणाचे. ‘पीस सेल्स’ (1986) मधला ठेका म्हणूनच थोडा झुलतो. ‘रस्ट इन पीस’ (1990) मध्ये मार्टी फ्रीडमन आला आणि सोलोत पूर्वेकडच्या स्वरांची छटा आली. ‘हँगर 18’च्या उत्तरार्धात तो आणि मस्टेन आळीपाळीने वाजवतात. तुम्हाला सवाल-जवाब ऐकायची सवय आहे, ते सहज उलगडेल. माझ्या मते थ्रॅशमधलं गिटारवादन याच्या वर गेलेलं नाही.

अँथ्रॅक्स न्यूयॉर्कचे. जोई बेलाडोना खणखणीत सुरात गातो आणि ओळीचा शेवट सगळे मिळून ओरडतात. ‘अमंग द लिव्हिंग’ (1987) ऐका.

रूरकर:
क्रिएटरबद्दल कोणी काही बोललंच नाही म्हणून लिहितो. मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो. क्रिएटर शेजारच्या एसेनचे, सोडम हा दुसरा बँड गेल्सेनकिर्शेनचा. कोळशाचा आणि पोलादाचा हा सगळा पट्टा. सोडमचा टॉम एंजेलरिपर स्वतः कोळसा खाणीत कामाला होता. अमेरिकन बँडची सफाई इथे शोधू नका. क्रिएटरच्या ‘प्लेझर टू किल’ (1986) मध्ये सगळं आत्ता सुटेल, आत्ता विस्कटेल असं वाटत राहतं, आणि त्यांचा गायक मिले पेट्रोझाचा आवाज घशातून खरवडून निघतो. मला तो कच्चेपणाच प्रिय आहे. यांच्या जोडीला डिस्ट्रक्शन या बँडचं नाव नेहमी घेतलं जातं, पण ते इथले नाहीत. पार दक्षिणेला, स्विस सीमेवरच्या वाइल आम राइनचे.

मध्यलय:
चौथं आवर्तन हाताने मोजलं! अंगावर काटा आला. इतक्यांदा ऐकूनही लक्षात आलं नव्हतं. लोंबार्डोचे पायही ऐकले, दोन्ही पायांचा दाब इतका समान ठेवणं म्हणजे रियाज आहे. एक शंका: स्लेयरच्या सोलोत मला सूरच सापडत नाही. ते मुद्दाम आहे का?

उजवा_हात:
हो, मुद्दाम. स्लेयरचे गिटारवादक जेफ हॅनेमन आणि केरी किंग स्वरसप्तक धरून चालतच नाहीत. तारांच्या बुडाशी जोडलेली धातूची दांडी (व्हॅमी बार) दाबून तारा सैल करतात, स्वर खाली कोसळतो, पुन्हा ओढून वर नेतात. त्या गाण्यांच्या विषयांना गोड सोलो शोभलाही नसता. त्यांना सूर लावू नका, किंकाळी म्हणून ऐका.

आणि पुढे मेटालिकाचा 1988 चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ लावाल तेव्हा बास ऐकू येणार नाही. इयरफोन बदलू नका. जेसन न्यूस्टेडने वाजवलाय, पण मिक्समध्ये तो जवळपास नाहीसाच केलाय. त्याच्या आधीचा बासवादक क्लिफ बर्टन, त्याचा बास नीट ऐकून घ्यायचा असेल तर ‘मास्टर’ अल्बममधलंच ‘ओरायन’ लावा.