‘नोंद’ की ‘वर्दी’? गर्भ गेल्याचे पोलिसांना कळवण्याच्या सक्तीला मराठीत काय म्हणावे

विचारणा

स्त्री-आरोग्यावरच्या एका मासिकासाठी मी एक लेख मराठीत आणते आहे. लेख अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याविषयी आहे. तिथे २००९ साली मार्क ओबेनशेन या सिनेटरने एक विधेयक मांडले होते. वैद्यकीय मदत हजर नसताना गर्भ मृत होऊन बाहेर पडला, तर त्या बाईने किंवा तिच्या वतीने कोणी तरी २४ तासांच्या आत पोलिसांना किंवा शेरीफला तीन गोष्टी कळवायच्या: गर्भ गेला, अवशेष कुठे आहेत, आणि ही बाई कोण. पोलिसांची किंवा मृत्यू तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत अवशेषांची विल्हेवाट लावायची नाही. न कळवल्यास बारा महिन्यांपर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. त्याआधी २००५ मध्ये जॉन कॉसग्रोव्ह यांनी असेच विधेयक आणले होते, त्यात मुदत फक्त १२ तासांची होती. लोक संतापल्यावर दोन्ही मागे घेतली गेली.

माझ्या दोन अडचणी आहेत. ‘रिपोर्ट करणे’ याला ‘नोंद करणे’, ‘माहिती देणे’, ‘खबर देणे’, ‘वर्दी देणे’ यांतले काय घ्यावे? आणि विधेयकातल्या ‘फीटल डेथ’ला काय म्हणावे? कोशात ‘भ्रूणमृत्यू’ आहे, ‘मृतजन्म’ही सापडतो. मासिक वाचणाऱ्यांत आशा कार्यकर्त्या आणि नर्स बऱ्याच आहेत, त्यामुळे शब्द त्यांच्या ओळखीचा हवा.

निवृत्त ग्रामसेवक

ताई, ‘नोंद’ नका घेऊ. तो आमच्या दप्तरातला शब्द आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात जन्म आणि मृत्यू यांच्या जोडीला तिसरी एक नोंद असते, तिला आपल्याकडे ‘उपजत मृत्यू’ म्हणतात. मूल मेलेलेच जन्माला आले तर ही नोंद. अट अशी की गरोदरपणाचे २८ आठवडे पूर्ण झालेले हवेत. त्याआधी गेले तर आमच्याकडे रकानाच नाही. कळवायची मुदत २१ दिवस. दवाखान्यात झाले तर दवाखाना कळवतो, घरी झाले तर घरच्या कर्त्याने कळवायचे. बाळंतिणीने उठून कचेरीत यावे अशी अपेक्षा कायदा करत नाही. आणि कळवायचे निबंधकाला, म्हणजे गावात ग्रामसेवकाला. पोलिसाचा संबंध नाही.

मी ज्या नोंदी घेतल्या त्यांत विचारायचे एवढेच: तारीख, ठिकाण, आईबापांची नावे, बाळंतपण कुणी केले, असे. कुणाला का गेले म्हणून दरडावल्याचे आठवत नाही. नोंदीचा हेतू किती मुले अशी जातात हे कळावे, म्हणजे कुठे दाई नाही, कुठे रस्ता नाही, ते दिसते. व्हर्जिनियाच्या त्या मसुद्याला ‘नोंद’ म्हटले तर आमच्या आशाताईंना वाटेल, त्यात काय वाईट, आम्हीही करतो की.

एक वकील

ग्रामसेवक साहेबांशी सहमत. माझे मत ‘वर्दी’. पोलीस ठाण्याच्या मराठीत ‘खबर’ आणि ‘वर्दी’ दोन्ही चालतात. अकस्मात मृत्यूची खबर, बेवारस प्रेत सापडल्याची वर्दी. वर्दी आली की पुढे पंचनामा येतो. त्या विधेयकातल्या तीन गोष्टी पुन्हा वाचा: काय झाले, अवशेष कुठे आहेत, बाई कोण. वर जागेवरचे हलवायचे नाही. ही पंचनाम्याची तयारी आहे. कोणी म्हणेल ‘वर्दी’ म्हणजे गणवेश. तो अर्थही आहे, पण ‘वर्दी दिली’ म्हटल्यावर मराठी माणूस कपड्यांचा विचार करत नाही.

‘फीटल डेथ’साठी मात्र ‘मृतजन्म’ किंवा ‘उपजत मृत्यू’ अजिबात घेऊ नका. व्हर्जिनियाच्या कायद्यात त्या संज्ञेची व्याख्या आहे आणि तीत ‘गरोदरपण कितीही दिवसांचे असो’ असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे २८ आठवड्यांची रेघ आहे, तिथे रेघच नाही. म्हणजे पाळी आठ-दहा दिवस चुकली, मग घरीच रक्तस्राव झाला, तरी शब्दशः वाचले तर ते २४ तासांत पोलिसांना कळवायला हवे. ओबेनशेन यांच्या बाजूने सांगण्यात आले की नवजात मुलाचे प्रेत कचऱ्यात टाकल्याच्या एका घटनेवरून हा मसुदा निघाला. असेल. पण शब्दांची मिठी इतकी मोठी घातली की त्यात राज्यातली गर्भ गेलेली प्रत्येक बाई आली. मसुदा जास्तच व्यापक झाला हे त्यांनीही मान्य केले. २०१३ मध्ये ते राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे सर्वोच्च विधी अधिकारी, या पदासाठी उभे राहिले तेव्हा हे विधेयक प्रचारात पुन्हा निघाले. फेरमोजणीत ते ९०७ मतांनी हरले.

भारतात गर्भ गेल्याचे बाईने पोलिसांना कळवावे, असा कायदा नाही. पण आपले हात अगदी कोरे नाहीत. भारतीय न्याय संहितेचे कलम ९४, म्हणजे जुन्या दंड संहितेचे ३१८, मुलाचे प्रेत गुपचूप पुरून किंवा अन्य रीतीने विल्हेवाट लावून जन्म लपवण्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. मूल जन्माआधी मेले असले तरी. आणि कलम ८८, जुने ३१२, गर्भपात घडवून आणण्याविषयीचे. त्याच्या स्पष्टीकरणात स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार धरली आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याने यातून वाट काढून दिली, ते कलम मात्र जागेवर आहे.

प्रसूतिकक्षातली परिचारिका

मी शब्दकोशातले सांगू शकत नाही, वॉर्डातले सांगते.

आमच्याकडे येणारी बाई ‘गर्भपात’ म्हणत नाही. ‘दोन महिन्यांचं होतं, पडलं’ म्हणते. ‘पोट पडलं’, ‘खाली झालं’, ‘मूल पोटातच गेलं’. शिकलेल्या ‘मिसकॅरेज झालं’ म्हणतात. नंतर ‘पिशवी साफ केली’ नाहीतर ‘क्युरेटिंग केलं’. आणि एखादीची सासू दारात उभी राहून विचारते, ‘पडलं का पाडलं?’ बघा, एका कान्याचा फरक. ‘पडलं’ला कर्ता नाही, ‘पाडलं’ला आहे. पोलीस जेव्हा येतो तेव्हा त्यालाही हेच विचारायचं असतं, फक्त त्याच्या हातात कागद असतो.

आणि याचं उत्तर आम्हालाही तपासून सांगता येत नाही. ओळखू आलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी १० ते १५ आपोआप जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बाई धावली म्हणून नाही, जड उचललं म्हणून नाही, पपई खाल्ली म्हणून नाही. गोळ्या घेऊन झालेलं आणि आपोआप झालेलं, रक्तस्राव दोन्हीकडे तसाच दिसतो. मग वर्दी घेणारा कशावरून ठरवणार? चेहऱ्यावरून. ती पुरेशी रडली का, लग्न झालंय का, आधीच्या मुली किती.

‘भ्रूणमृत्यू’ माझ्या बायकांना सांगू नका. आपल्याकडे ‘भ्रूण’ हा शब्द ‘हत्या’ला जोडूनच ऐकला जातो. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर तोच एक बोर्ड असतो. ‘भ्रूणमृत्यू’ म्हटलं की अर्ध्या जणींच्या पोटात गोळा येईल, कोणी काही केलं का म्हणून. ‘गर्भ जाणे’ म्हणा. सगळ्यांना कळतं आणि कुणावर बोट दाखवत नाही.

आणखी एक, लेखात बसलं तर घ्या. व्हर्जिनियात कायदा झाला नाही म्हणून हायसं वाटायचं कारण नाही. ओहायोतल्या वॉरन गावात २०२३ मध्ये एका बाईचा गर्भ घरीच गेला, पाचवा महिना उलटून गेला होता. ती रुग्णालयात आली तेव्हा तिथूनच पोलिसांना फोन गेला. मृतदेहाची विटंबना असा आरोप लावला. जानेवारी २०२४ मध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, खटला चालवायला नकार दिला, पण तोवर तिचं घर आणि न्हाणीघर साऱ्या देशाने बातम्यांत पाहिलं होतं. तिथे बाईने वर्दी द्यावी असा कायदा लागला नाही. आमच्यासारख्यांनी दिली. हे वाचून मला झोप लागली नव्हती.

संस्कृतचे अध्यापक

परिचारिकाताईंच्या ‘गर्भ जाणे’ला माझा पाठिंबा. थोडी जुनी भर घालतो. आपल्या परंपरेत या घटनेला एकच शब्द नव्हता. चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर ‘गर्भस्राव’, पाचव्या-सहाव्यात ‘गर्भपात’, त्यापुढे ‘प्रसूती’, असा भेद माधवनिदानातही आहे आणि पराशरस्मृतीतही. वैद्याला तो उपचारासाठी हवा होता, स्मृतिकाराला सूतकासाठी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गर्भस्राव झाल्यास जितके महिने तितक्या रात्रींनी शुद्धी सांगितली आहे. स्त्रीला अशुद्ध ठरवणारा हा हिशेब मला मुळीच मान्य नाही. इथे आठवला तो एवढ्यासाठी की तो घराच्या आत राहत असे.

दवंडी कुणाची पिटली जाई? विधवेची आणि कुमारिकेची. याला युरोपही अपवाद नव्हता. फ्रान्समध्ये दुसऱ्या हेन्रीच्या १५५६ च्या फर्मानाने गरोदरपण आणि बाळंतपण लपवणाऱ्या स्त्रीचे मूल मेले तर तिनेच ते मारले असे धरले जाई. त्यातून अविवाहित आणि विधवा स्त्रियांनी अधिकाऱ्यापुढे गरोदरपण जाहीर करायची रीत रुजली. इंग्लंडमध्ये १६२४ च्या कायद्याने अविवाहित आईने मुलाचा मृत्यू लपवला तर तो खून मानला, मूल मृतच जन्मले हे साक्षीदाराने शाबीत करायचे. वकील महोदयांनी सांगितलेल्या कलम ९४ चे पूर्वज हे आहेत.

आणि १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते नेमके उलट्या टोकाने. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, असे त्यांनी जाहीर केले. मूल वाचवायचे तर आईला आधी चारचौघांच्या नजरेतून सोडवले पाहिजे, हे त्यांना कळले होते. ‘लपवणे’ आणि ‘गुप्तता’ या दोन शब्दांत मी तेव्हापासूनचा फरक मानतो. पहिला आरोप आहे, दुसरा हक्क.

एक वकील

सर, गुप्ततेवरून एक निकाल सांगायलाच हवा. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये १९९८ पासून गर्भपातावर संपूर्ण बंदी आहे. तिथल्या खेड्यातल्या, दोन मुलांची आई असलेल्या एका बाईला २००८ मध्ये रक्तस्राव होत असताना रुग्णालयात आणले. उपचार करणाऱ्यांनीच तिची फिर्याद पोलिसांकडे दिली, तिला खाटेला बेड्या घातल्या. तीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१० मध्ये ती कर्करोगाने कैदेतच गेली. न्यायालयाच्या कागदांत तिचे नाव ‘मानुएला’ असे बदललेले आहे. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये एल साल्वाडोरला दोषी धरले आणि अशा तातडीच्या प्रसंगी रुग्णाने सांगितलेले डॉक्टरने फोडू नये, हे ठामपणे मांडले.

आपल्याकडेही २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवताना, तिची आणि पालकांची विनंती असल्यास, डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. नाहीतर अशा मुली एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाच्या, भीतीने दवाखान्यात येतच नाहीत, कुठे तरी भोंदूकडे जातात.

विचारणा करणारी

सर्वांचे आभार. वाक्य असे करते: ‘घरी गर्भ गेला, मग तो कितीही दिवसांचा असो, तर त्या बाईने २४ तासांत पोलिसांना वर्दी द्यावी.’ ‘फीटल डेथ’साठी ‘गर्भमृत्यू’ फक्त व्याख्येच्या परिच्छेदात, एकदाच. आता एकच उरले. मूळ मसुद्यात सगळीकडे ‘मदर’ आहे. ‘माता’ ठेवू की ‘बाई’?

प्रसूतिकक्षातली परिचारिका

बाई. वर्दी मागताना कोणी तिला माता समजत नाही.

एक वकील

मी ‘माता’ ठेवीन, अवतरणात. मसुदा लिहिणाऱ्यांनी दहा दिवसांचा गर्भ असलेल्या बाईलाही तो शब्द लावला होता. तिला आधी माता ठरवले, मगच तिच्यावर वर्दीची जबाबदारी टाकता आली. वाचकांना ते दिसले पाहिजे. मजकुरात ‘बाई’, मसुद्याच्या उताऱ्यात ‘माता’, असे केले तर?