मदत हवी आहे: आजीच्या डब्यात भोकाच्या पैशांची माळ सापडलीय, किंमत कशी कळणार?

सिडकोवाला:
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. भगूरचं मामांचं जुनं घर पाडायचंय म्हणून गेल्या आठवड्यात सगळे आवरायला गेलो होतो, तर माळ्यावर आजीचा डालडाचा डबा निघाला आणि त्यात सुतळीत ओवलेली नाणी, एकूण ३१, सगळ्यांना भोक. आजोबांचं तिथे किराणा दुकान होतं, त्यामुळे गल्ल्यातलीच असणार असं मामा म्हणतात.

२८ नाणी एकसारखी आहेत, तांब्याच्या रंगाची, अगदी वॉशरसारखी, एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची वेल, साल १९४३ ते १९४५. मग एक चांदीचा राणीछाप रुपया १९०१ चा, त्याला मात्र भोक वरच्या काठाला. एक परदेशी दिसतंय, ईस्ट आफ्रिका आणि १० लिहिलंय, भोकाच्या दोन्ही बाजूंना हत्तीचे सुळे, साल पुसट झालंय. हे कुठून आलं देव जाणे, आजोबा आयुष्यात मनमाडच्या पुढे गेले नाहीत. आणि एक पिवळं, चौकोनी भोकाचं, चिनी अक्षरांचं.

आता गंमत अशी की मोठे मामा म्हणतात मोडीत घाल, आणि मावसभावाने कुठला तरी व्हिडिओ पाठवलाय की भोकाच्या नाण्याला पाच लाख मिळतात. त्याने त्या नंबरवर फोनही केला, ते आधी ८५० रुपये रजिस्ट्रेशन भरा म्हणतायत. मी थांबवलंय त्याला. मामींनी मी पोचेपर्यंत सहा नाणी चिंच आणि पितांबरीने घासून लख्ख केली होती. खरं काय ते सांगा, चार भावंडांत वाटायचंय म्हणून विचारतोय.

तांबट_लेन:
आधी मामींच्या हातातली चिंच काढून घ्या! तांब्याचा तो काळपट तपकिरी रंगच संग्राहकाला हवा असतो, घासलेलं नाणं कितीही चमकलं तरी जाणकार बाजूला सारतो. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढा, टिपून घ्या, बास.

तुमची २८ म्हणजे सहाव्या जॉर्जच्या काळातला भोकाचा पैसा, १९४३ ते १९४७ मधे निघाला. युद्धात तांब्याची ओढाताण होती म्हणून मधलं तांबंच काढून टाकलं, आधीचा पाव आणा पाचेक ग्रॅमचा, हा जेमतेम २. किंमत तीच, रुपयाला ६४. आमचे आजोबा सांगायचे की लोक खरोखर वॉशर म्हणून वापरायचे, बोल्टला लावून. निघालेच एवढे की साधा पैसा आजही चहा-वड्याच्या पैशात मिळतो, लाखबिख विसरा. पण भिंग घेऊन एकेक बघा, सालाजवळ बारीक इंग्रजी एल दिसला तर तो लाहोरच्या टांकसाळीचा, तेवढे वेगळे काढा. भोक अगदीच सरकलेलं असेल तरी वेगळं काढा. त्यात बनावटगिरी चालते, म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.

रुपयाची गोष्ट वेगळी. त्याचं भोक टांकसाळीचं नाही, कुणीतरी गळ्यात घालायला पाडलंय. ओळखायची खूण म्हणजे टांकसाळीच्या भोकाला नक्षीत जागा सोडलेली असते, नंतर पाडलेलं भोक अक्षरं नाहीतर नक्षी कापत जातं आणि काठाला बोटाला खरखर लागते. असा रुपया संग्रहाला बाद, पण चांदी कुठे जात नाही. ११.६६ ग्रॅमचा तोळा, त्यात ९१.७ टक्के चांदी. सराफ बाजारात नेलात तर वजन तुमच्यासमोर करायला सांगा. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच राहिली, १९४७ चा तर निकेलचा, तुमचा त्याआधीचा आहे हे बरं.

देवळालीकर:
सुळ्यांचं नाणं ब्रिटिश ईस्ट आफ्रिकेचं १० सेंट. आजोबा मनमाडच्या पुढे गेले नसतील, पण जग भगूरला यायचं की! शेजारी देवळाली कॅम्प, युद्धात पलटणींची ये-जा, खिशातलं चिल्लर किराणावाल्याच्या गल्ल्यात पडलं असणार. अंदाजच आहे, पण मला तरी पटतो.

सिडकोवाला:
@देवळालीकर हे वाचून मामा एकदम खूश, आता मोडीचं नाव काढत नाहीत 😀 आणि चिनी?

मेघा_पंचवटी:
ते चौकोनीवालं फेंगशुईचं असेल हो, लाल दोऱ्यात तीन बांधून विकतात, आमच्याकडे तिजोरीत आहे, फरक काही पडला नाही. अर्थात जुनी चिनी नाणी खरोखर अशीच चौकोनी भोकाची असायची, म्हणून फेकू नका, दाखवून घ्या.

आणि ८५० अजिबात भरू नका!! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मधेच सांगितलंय की जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारात आम्ही नाही आणि कुणाकडून फी, कमिशन मागत नाही. खरा घेणारा नाणं बघून पैसे देतो, मागत नाही.

तांबट_लेन:
दाखवायला लांब जायला नको, त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, १९८० पासूनची, म्युझियमही आहे. नाशकात राहून निम्म्या लोकांना माहीत नाही. ते खरेदी करत नाहीत, पण नाणी कशी बघायची ते तिथे कळेल. जाण्याआधी फोन करा.

सिडकोवाला:
भिंग लावून बसलो काल रात्री. २८ पैकी दोनांवर एल आहे, त्यातला एक मामींनी घासलेला 🤦 रुपया मामींनाच देतोय, आजीच्या गळ्यात बघितल्याचं त्यांना आठवतंय. बाकी अंजनेरीला जाऊन आलो की लिहितो. एक राहिलंच, सुतळी कुजलीय, ती कापून नाणी मोकळी करू का, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली तर चालतील?

तांबट_लेन:
सुतळी कापा, ओल धरून ठेवते. साधं मऊ प्लॅस्टिक नको, त्याने तांब्यावर हिरवं चढतं. कागदाची पाकिटं करा, वर पेन्सिलीने साल लिहा.