मदत हवी आहे: आर्थिक-सामाजिक हक्कांवरच्या निबंध स्पर्धेसाठी विषय कसा आवळावा?

मीरा_हडपसर
नमस्कार मंडळी. विधी विद्यार्थ्यांच्या निबंध स्पर्धेसाठी लिहितेय, बीए एलएलबी चौथं वर्ष. विषय 'आर्थिक व सामाजिक हक्कांची न्यायालयीन अंमलबजावणी', मर्यादा ३५०० शब्द (तळटिपा धरून), मुदत सात आठवडे. आराखड्यात निवारा, अन्न, आरोग्य, पाणी, शिक्षण असे पाच भाग आहेत. फार पसरट होतंय का? पुण्याचं उदाहरण घेतलं तर चालेल का?

परिशिष्ट
पसरट आहेच. तळटिपाच ८०० शब्द खातात, प्रस्तावना आणि शेवट मिळून ५००. उरले २२००, म्हणजे प्रत्येक हक्काला ४४०. तेवढ्यात फक्त निकालांची यादी होते आणि परीक्षक तिथेच कंटाळतात.

माझं मत: पाणी घ्या आणि एकच प्रश्न धरा. शासनाने कर्तव्य पार पाडलं की नाही, हे न्यायालयाने कोणत्या कसोटीवर ठरवायचं? एक उत्तर 'किमान गाभ्या'चं, म्हणजे प्रत्येक हक्काची किमान पातळी शासनाने पुरवलीच पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने ते १९९० च्या सामान्य टिप्पणी ३ मध्ये (कराराचा अर्थ सांगणाऱ्या टिपणात) मांडलं. दुसरं वाजवीपणाच्या कसोटीचं (शासनाची पावलं वाजवी आहेत का, एवढंच पाहायचं), दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००० साली ग्रूटबूम निकालात स्वीकारलेलं.

या दोन्हींची खरी परीक्षा त्याच न्यायालयाच्या माझिबुको (२००९) निकालात दिसते. जोहान्सबर्ग शहर सोवेटोतल्या फिरी भागात महिन्याला ६ किलोलिटर पाणी फुकट देत होतं, त्यापुढे प्रीपेड मीटर. हिशेब दरडोई रोज २५ लिटरचा, म्हणजे आठ माणसांच्या घराचा. पण एकाच जागेत सोळा माणसं राहत असतील तर वाट्याला साडेबारा लिटरच येतात. उच्च न्यायालयाने ५० लिटर म्हटलं, अपील न्यायालयाने ४२. घटना न्यायालयाने आकडा ठरवायलाच नकार दिला आणि शहराचं धोरण वाजवी ठरवलं. तुमचा निबंध इथे उभा राहू शकतो: आकडा कोणी ठरवायचा, आणि घरामागे मोजायचं की माणसामागे?

कलम_३७
परिशिष्ट यांच्याशी सहमत, पण आफ्रिकेतच अडकू नका. भारतीय बाजू नीट लिहिली नाही तर निबंध उसना वाटेल. मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा पाणी हक्क समिती विरुद्ध बृहन्मुंबई महापालिका हा निकाल वाचाच. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा संविधानाच्या कलम २१ चा (जगण्याच्या हक्काचा) भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. मात्र अधिकृत घरांइतकाच पुरवठा मागता येणार नाही, जास्त दर लावता येईल, असंही म्हणालं. हक्क मान्य आणि त्याची पातळी खालची, ही गाठ दोन्हींपैकी कुठल्याच कसोटीत सरळ बसत नाही. माझ्या मते खरं लिखाण इथे आहे.

ओल्गा टेलिस या सुप्रीम कोर्टाच्या १९८५ च्या निकालाबद्दल बहुतेक निबंध अर्धंच सांगतात. उपजीविका कलम २१ मध्ये आली हे खरं, पण पदपथावरची माणसं शेवटी हटवायला परवानगी मिळालीच. सवलत एवढीच, की ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, पावसाळा सरेपर्यंत हात लावायचा नाही.

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात (१९६६, भारत १९७९ पासून पक्षकार) पाण्याचा हक्क नावाने नाही. २००२ च्या सामान्य टिप्पणी १५ ने तो कराराच्या कलम ११ आणि १२ चा अर्थ लावून मांडला. 'करारानुसार बंधनकारक' असं सरसकट लिहिलंत तर गुण जातील. सुप्रीम कोर्टाचा जॉली जॉर्ज वर्गीस (१९८०) निकाल सांगतो की करार आपोआप देशांतर्गत कायदा होत नाही. त्याच कोर्टाचा विशाखा (१९९७) निकाल सांगतो की देशी कायद्याशी विसंगत नसेल तर त्याचा आधार घेता येतो. दोन्ही एकत्र मांडा.

तळटीप
संदर्भांकडे वेळीच बघा. ओल्गा टेलिस एससीसी या निकालांच्या छापील अहवालात १९८५ चा, एआयआर या दुसऱ्या अहवालात १९८६ चा. ग्रूटबूम निकाल २०००चा, पण अहवालात २००१. वर्षं मिसळली की तुम्ही मूळ निकाल उघडलाच नाही असं दिसतं. परिच्छेद क्रमांकही प्रत्येक अहवालात वेगळे असू शकतात, म्हणून एकच अहवाल धरून चाला. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या निकालांच्या ऑनलाइन संग्रहावर अधिकृत मजकूर फुकट मिळतो. एआय साधनाने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, नसलेले निकालही ते ठामपणे देतं.

आणखी एक: नाव गुप्त ठेवायची अट असेल तर वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं. पीडीएफ करण्याआधी ते पुसा.

मीरा_हडपसर
खूप आभार. पाणीच घेते. पुण्यासाठी आकडे कुठून आणू?

परिशिष्ट
पुणं नक्की घ्या. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसताहेत, म्हणजे माझिबुकोशी तुलनेला जागा आहे. फक्त आपले मीटर प्रीपेड नाहीत, हा फरक लिहा. केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीत मलनिस्सारण असलेल्या शहराला दरडोई रोज १३५ लिटर, सार्वजनिक नळाला ४०. जनता वसाहतीसारख्या एकाच वस्तीपुरता प्रश्न ठेवा.

माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाका. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचे जन माहिती अधिकारी, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. 'पाणी कमी का येतं?' असं विचारू नका, कारणं द्यायला ते बांधील नसतात. 'अमुक वस्तीतल्या सार्वजनिक नळांची यादी आणि पुरवठ्याच्या वेळांच्या नोंदीची प्रत द्या' असं मागा. उत्तराला ३० दिवस. नाहीच आलं तर पहिलं अपील करता येतं, पण त्याचा निकाल तुमच्या मुदतीत येणं अवघड. म्हणून महापालिकेच्या अंदाजपत्रकातला पाणीपुरवठ्याचा भाग आत्ताच उतरवून ठेवा, वस्तीची नोंद मिळाली नाही तर शहरपातळीच्या तरतुदीवर तो भाग लिहिता येईल.