मदत हवी आहे: एक्सएमएल मधल्या मराठी नावांचा उकार आणि जोडाक्षरं परत कशी आणायची?

नमस्कार मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचं काम करतोय, जुन्या बिलिंग सॉफ्टवेअर मधून एक्सएमएल (खुणांमध्ये मांडलेल्या माहितीची मजकूर फाईल) येतं ते पायथन प्रोग्रॅमने वाचून नवीन डेटाबेस मध्ये टाकायचंय. फाईलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या बाइटमध्ये साठवायची पद्धत) लिहिलंय आणि पार्सर, म्हणजे फाईल वाचणारा कोड, एकही एरर देत नाही, पण शेतकऱ्यांची नावं-गावं सगळी चित्रविचित्र रोमन अक्षरं. म्हणजे एक्स्पोर्ट करतानाच यूटीएफ-८ चे बाइट कुणीतरी विंडोज-१२५२ (एका बाइटला एक अक्षर अशी जुनी रोमन लिपीची पद्धत) समजून वाचले आणि परत यूटीएफ-८ मध्ये लिहिले, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला ३ बाइट लागतात म्हणून एकाची तीन झाली.

उलटं फिरवून बघितलं तर मिरज, तासगाव, पलूस एकदम स्वच्छ आले, जीव भांड्यात पडला! पण कुपवाड आणि आष्टा अडले. कारण ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ८१ आणि हलन्ताचा (जोडाक्षर बनवणारं पाय मोडायचं चिन्ह) ८डी, आणि विंडोज-१२५२ मध्ये या दोन्ही जागा रिकाम्या, तिथे फाईलमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह आहे. ए आणि झ चं पण तेच.

गावं तालुक्याच्या यादीशी जुळवून घेईन, पण माणसांच्या नावांचं काय करायचं? उकार की हलन्त हे आजूबाजूच्या अक्षरांवरून ठरवणारं काही कुणी लिहिलंय का? पट्टीवर (मालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर) शेतकऱ्याचं नाव चुकीचं जाऊन चालणार नाही हो, त्याच्यावर पैसे निघतात. मूळ डेटाबेस मधून थेट बाइट काढायचा मार्ग माहीत असेल तर तोही सांगा प्लीज.