कोतवाल घोडा : हा कुठल्या चावडीचा कोतवाल?

निपाणीकर :
आमची आज्जी संकेश्वरची. लग्नात फेटा बांधून मिरवणारा, पण पंगतीत पाण्याचा जग धर म्हटलं की गायब होणारा एखादा जावई दिसला की ती म्हणायची, "कोतवाल घोडा हाय नुसता. सजवा नि फिरवा." मला वाटायचं, कोतवालाचा घोडा असणार. पण गावच्या कोतवालाला घोडा कधी होता? आमच्याकडचा जुना कोतवाल अनवाणी दवंडी पिटत फिरायचा म्हणे. मग हा घोडा कुणाचा?

शहापूरकर :
कोतवालाचा नव्हेच. मूळ शब्द 'कोतल'. तुर्कीतला, फारसीतून आपल्याकडे आला. राजा किंवा सरदार निघाला की त्याच्यापुढे सजवलेले, जीन कसलेले, पण पाठीवर कुणी नसलेले घोडे मोतद्दार लगाम धरून चालवायचे. ते कोतल. धन्याचा घोडा थकला तर दुसरा हाताशी असावा ही सोय, आणि बघणाऱ्यांचे डोळे दिपावेत हा थाट. पुढे सोय मागे पडली नि थाट उरला. बखरींतल्या स्वाऱ्यांच्या वर्णनात हत्ती-अंबारीबरोबर कोतवाल घोडे येतात ते हेच.

'कोतल'चा 'कोतवाल' झाला तो जिभेच्या सवयीने. अनोळखी शब्द आला की माणूस त्याला ओळखीच्या शब्दाचा अंगरखा चढवतो. कोतवालाची कूळकथा निराळीच : संस्कृत 'कोट्टपाल', म्हणजे कोट राखणारा. दोघांचा काही संबंध नाही. कावळ्यांना हुसकावणाऱ्या काळ्या पक्ष्यालाही आपण कोतवाल म्हणतो. तिथे मात्र राखणदाराचा अर्थ नीट बसतो.

याला बेळगावकरांनी तरी हसू नये. वेणुग्रामाचं बेळगाव झालं, आणि हिंदीवाल्यांनी ते 'बेलगाम' लिहिलं. म्हणजे लगाम नसलेलं! 2014 साली सरकारी नाव बेळगावी झालं, तरी हा विनोद काही मेला नाही.

निपाणीकर :
म्हणजे आज्जीचा अर्थ बरोबर. सजलेला आणि बिनकामाचा.

शहापूरकर :
अर्धा बरोबर. कोतल घोडा बिनकामाचा नव्हे, त्याच्यावर कुणी बसलेलं नाही इतकंच. तुलसीदासांनी हा शब्द फार नेमका वापरलाय. रामाला परत आणायला भरत वनात निघतो तो पायी, आणि कोतल घोडे दोरीला धरून बरोबर चाललेत. घोडे आहेत, सजलेत, तरी धनी मुद्दाम बसत नाही. राम पायी गेला, मग मी घोड्यावर कसा बसू? भरताचं सगळं मन त्या रिकाम्या जिनावर दिसतं. हे लिखाण 1574 नंतरचं, म्हणजे शब्द तोवर त्यांच्या अवधी भाषेत मुरला होता.

खानापूरहून :
पाकिस्तानातल्या खैबर खिंडीत 'लंडी कोतल' आहे, अफगाणिस्तानात 'कोतल-ए-सालंग'. तिथे कोतल म्हणजे खिंड, घाट. आमचा चोर्ला घाट पायी उतरून बघा, एकदम पटेल : चढणीला घोड्यावरून उतरून त्याला ओढत न्यायचं, म्हणून घोडाही कोतल नि घाटही कोतल!

शहापूरकर :
कल्पना गोड आहे, आणि तेवढ्यावरूनच मला संशय येतो. फारसी कोशात दोन्ही अर्थ शेजारी सापडतात, पण शेजारी राहणारे सगळे भाऊबंद नसतात. मी ते दोन वेगळे शब्दच धरतो.

पण इराणातला एक धागा इथे जोडायला हवा. तिथे मोहरमच्या संदर्भात 'अलम-ओ-कोतल' अशी जोडीच बोलतात, निशाणं आणि कोतल. मिरवणुकीत स्वाराविना घोडा चालवतात. हुसेन करबलात पडल्यावर त्यांचा घोडा एकटा परतला, त्याची ती आठवण. आपल्या सीमाभागात गावोगाव हिंदूसुद्धा पीर बसवतात, तेव्हा हे काही फार लांबचं नाही.

चिकोडी तालुक्यातून :
एवढं सगळं बोललात नि अंकलीचं नाव कुणीच घेतलं नाही? आळंदीच्या पालखीचे अश्व आमच्या अंकलीतनं जातात. शितोळे सरकारांच्या वाड्यातनं निघायचं, मिरजेवरनं पुढं आळंदीपर्यंत सुमारे 300 किलोमीटर पायी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान, त्याच्या आत पोचायचं. हैबतबाबा आरफळकरांनी 1832 पासून पालखी सोहळा लावला तेव्हापासूनचा हा मान. दोन अश्व असतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर गादी, वर कुणी नाही.

निपाणीकर :
मग तोच कोतवाल घोडा की! सजलेला आणि रिकामा.

चिकोडी तालुक्यातून :
हे अंकलीत येऊन बोलू नका. मी लहान असताना वाड्यासमोर हेच म्हणालो होतो, "तात्या, हा घोडा रिकामा का?" तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स. म्हणाले, "रिकामा नाही रं. माउली बसल्यात." रिंगणात तो धावतो तेव्हा स्वाराचा घोडा त्याच्या जोडीला असतो, आणि तो पुढं गेला की माणसं वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. कोतल घोड्याच्या टापेखालची माती कुणी उचललीय?

शहापूरकर :
मान्य. कोतल म्हणजे धनी दुसरीकडे आहे असा घोडा. हा तसा नाही. चाल तीच, साज तोच, पण शब्द लागू नाही. कोशात याला वेगळी नोंद हवी.

निपाणीकर :
ठीक. मी आपला 'माउलींचा अश्व' एवढंच म्हणतो. कोतवाल घोडा जावयासाठी ठेवू.

चिकोडी तालुक्यातून :
जावयाला ठेवा बिनधास्त. फक्त त्याच्यासमोर म्हणू नका, पुढच्या लग्नात जग धरायलाही मिळायचा नाही.